मोबाइलवरची सायकल

मोबाइलवरून सायकल मागवू का, स्वस्त दिसते, असं कोणी मला विचारलं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, तर मी असं काही फाडकन बोलले की ती बिचारी उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिचा काही दोष नव्हता. तिच्या पोरीला सायकल हवी होती आणि मोबाइलवरचा फोटो खरंच गोड होता. पण तसले फोटो आता मला बघवत नाहीत, काय करू?

मी अंगणवाडी सेविका आहे. गाव माझं शेलूबाजारपासून जीपनं पंधरा मिनिटांवर, आणि अंगणवाडी गावापासून पाच किलोमीटर आत, एका वस्तीत. गावापर्यंत डांबर आहे. पुढं मुरूम, मध्ये एक नाला, नाल्यावर बुटका पूल. वस्तीत जीप जात नाही, एसटीचं तर नावच काढू नका. अकरा वर्षांपूर्वी मला हे काम लागलं तेव्हा सासरची सगळी म्हणाली होती की ही महिनाभर करेल आणि घरी बसेल. मी बसले नाही. पण त्यात माझीच सगळी हिंमत होती असंही नाही. वस्तीच्या शाळेवर एक मॅडम होत्या, मंगरूळपीरहून स्कूटीनं यायच्या. सकाळी नऊला मी गावातल्या बुद्ध विहाराजवळ उभी राहायचे आणि त्यांच्या मागं बसून जायचे. मॅडम पेट्रोलचं कधी बोलल्या नाहीत. मीच आपली कधी तुरीच्या शेंगा, कधी हरभऱ्याची भाजी द्यायचे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली आणि जूनमध्ये मी विहाराजवळ एकटी उभी.

माझ्या नवऱ्याकडं मोटरसायकल आहे. जूनपासून काही आठवडे त्यांनी मला सोडलं. सोडलं म्हणजे काय, तर साडेनऊला मी पिशवी घेऊन दारात आणि हे अजून खाटेवर. "चा तं पिऊ दे वं." चहा झाला की चौकात एकाशी सोयाबीनचं बोलायचं, दुसऱ्याशी फवारणीचं. मी मागच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या गप्पा ऐकत राहायचे. आम्हाला दहाच्या आत अंगणवाडीच्या दारात उभं राहून मोबाइलवर हजेरीचा फोटो टाकावा लागतो. दोनदा दहा वाजून गेले. सुपरवायझर मॅडमनी बोलावून सांगितलं, "ताई, काम तुमचं चांगलं आहे. पण तिसऱ्यांदा उशीर झाला तर मला वर लिहावं लागेल. वस्तीतली एक बारावी झालेली सून अर्ज देऊन गेली आहे."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "मंग देऊन टाक तिले. मी का तुहा डायवर हाव? एवढीशी नोकरी अन् घराले रोजचा ताप."

मला जो राग आला ना! मी भाजीची परात खाली आदळली. "माही मी जाईन. कोनाच्या मागं बसनार नाई. सायकल घेईन."

"सायकल!" ते हसले. "या वयात?"

"हो, या वयात. अन् नाई जमलं तं तुमी म्हनान तवा राजीनामा लिहून देईन."

रागात निघून गेलं तोंडातून. पण एकदा बोलले ते बोलले. नवऱ्यानं ते शब्द असे उचलून ठेवले की सायकल येईपर्यंत रडतखडत सोडताना, आणि पुढंही, दर दोन दिवसांनी मला ते ऐकवायचे. त्या दिवसापासून सायकल म्हणजे माझी नोकरी झाली. सायकल चालली तर नोकरी राहणार, नाही चालली तर अकरा वर्षांचं काम त्या बारावीवाल्या सुनेच्या हातात.

सायकल मला येत होती. माझं माहेर रिसोडकडचं. तिथं वडिलांची काळी उंच सायकल होती, दांड्याखालून पाय घालून कैची मारत मी ती शिकले होते. लग्नानंतर सव्वीस वर्षं हात लावला नव्हता, तेवढंच.

आधी मी शेलूबाजारच्या सायकलीच्या दुकानात गेले होते, हे मुद्दाम सांगते. मी काही थेट मोबाइलवर उडी मारली नाही. दुकानदार माझ्याच वयाचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. विचारलं, "कितवीत हाय पोरगी?"

म्हटलं, "पोरगी नाई. मले पाह्यजे."

त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि आतल्या माणसाला हाक मारली, "अबे, वहिनीले सायकल दाखव, वहिनी सायकल चालवनार हाय." तो आतला बाहेर आला, मला खालून वर पाहिलं, आणि दोघं हसले. फार मोठं नाही हसले. पण मला तिथं उभं राहवेना. मी किंमत विचारली, महाग वाटली, आणि निघून आले.

मोबाइल हसत नाही. त्याच्यावर सायकल पाहताना आपण कितव्या वर्षाचे आहोत, साडी नेसलोय की काय नेसलोय, कोणी विचारत नाही. ऑनलाइनवाल्यांची निम्मी कमाई याच गोष्टीवर होत असेल असं मला आता वाटतं. रात्रीचं जेवणखाण आवरलं की मी पडल्या पडल्या सायकली बघायचे. एक मला आवडली. फिकट निळी, मधला दांडा खाली वाकवलेला, म्हणजे साडीवर बसता येईल अशी. पुढं वेताची टोपली, टोपलीत फुलं. मागं छोटंसं कॅरिअर. अकरा हजारावर आडवी रेघ मारलेली आणि खाली निम्म्याहून कमी किंमत. "फक्त दोन शिल्लक" असं लाल अक्षरात. मी आठ दिवस रोज पाहत होते, आठही दिवस दोनच शिल्लक होत्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं ना, त्यातली लबाडी तो पाहून न पाहिल्यासारखी करतो, आणि मी तेच केलं.

खाली लोकांचे अभिप्राय होते, ते मी सगळे वाचले. वेळेवर आली. पॅकिंग छान. मुलगा खूश. आता त्या अभिप्रायांचा विचार केला की मला त्या लोकांना झोडपावंसं वाटतं. अरे, हे सगळं तुम्ही खोका उघडला त्या दिवशी लिहिलं! खोक्याचा अभिप्राय दिला तुम्ही, सायकलीचा कुठं दिला? महिनाभर चालवून, नाल्याच्या चढावर दामटून, चिखलातून ओढून मग कोणी लिहिलंय का? एकानंही नाही.

मी माझ्या पैशानं सायकल मागवली. घरपोच मोफत, असं लिहिलं होतं. सहाव्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमचं गाव आमच्याकडं येत नाही. हायवेच्या फाट्यावर या, अर्ध्या तासात." घरपोच म्हणजे कुणाच्या घरापर्यंत पोच, देव जाणे. मी जीपनं फाट्यावर गेले, तिथं पोरगेलासा माणूस खोका जमिनीवर टेकवून उभा. सही घेतली, फोटो घेतला आणि गेला. परतीच्या जीपवाल्यानं खोका टपावर चढवला आणि दोन सवारींचे पैसे मागितले. मी भांडले. त्यानं दीड सवारीचे घेतले.

खोक्यात सायकल नव्हती, सायकलीचे भाग होते. पुढचं चाक वेगळं, हँडल वेगळं, पायडल वेगळे, आणि एका पिशवीत खेळण्यातल्यासारखा एक पाना. अंगणात घोंगडी अंथरून मी बसले, मोबाइलवर व्हिडिओ लावला. नवरा ओट्यावर चहाचा कप घेऊन. "चार मिस्त्री आनू का?" मी पाना उचलला. डाव्या बाजूचा पायडल उलटा फिरवून कसायचा असतो, हे व्हिडिओत होतं, आणि मी तो बरोबर कसला. तासाभरात सायकल उभी राहिली. उभी म्हणजे भिंतीला टेकून, कारण स्टँड नव्हता. टोपली नव्हती. फुलं सोडा, टोपलीच नव्हती. कॅरिअर नव्हतं. चिखल अडवायला चाकावर पत्रा नव्हता. घंटीसुद्धा नव्हती. मी पुन्हा मोबाइल उघडून पाहिलं. चित्राच्या खाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की दाखवलेलं सामान फक्त शोभेसाठी आहे.

शोभेसाठी! म्हणजे लग्नाला नवरी दाखवायची एक आणि पाठवायची दुसरी, आणि वरून म्हणायचं की कागद वाचायचा होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या वस्तूची किळस आली. रागापेक्षा किळसच. पण परत पाठवायची म्हणजे पुन्हा खोका, पुन्हा जीप, पुन्हा फाटा, आणि वर घरात हसं. मी म्हटलं, राहू दे. चाकं फिरतात, ब्रेक लागतो. बाकी बघू.

खरं सांगायचं तर सायकल चालायला हलकी होती. पहिल्याच दिवशी मी गावाच्या मागच्या रस्त्यानं दोन चकरा मारल्या आणि पाय आपोआप आठवत गेले. पण कॅरिअरशिवाय माझं काम होणार नव्हतं. पोरांच्या आहारासाठी मी आठवड्यातून दोनदा भाजी, अंडी, किराणा नेते. शिवाय रजिस्टरं, वजनकाटा. हे सगळं खांद्यावर घेऊन पाच किलोमीटर मुरमावर सायकल, कोण जाईल?

आणि इथं आमच्या भागाची एक खोड सांगितली पाहिजे. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की ती आधी वेल्डिंगवाल्याकडं जाते. नवी मोटरसायकल आली की तिला दुधाच्या कॅनसाठी हुक आणि पुढं जाड गार्ड. ट्रॅक्टरला दणकट बंपर. कूलरला स्टँड, खाटेला मच्छरदाणीचे गज. कंपनीनं जे दिलं ते अपुरं आहे आणि दोन टाके मारल्याशिवाय वस्तू पक्की होत नाही, असं इथं लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरून चालतात. मीही धरून चालत होते. कुणी टाके मारू नको म्हणालं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

तर दुसऱ्या दिवशी नवरा आपणहून म्हणाला, "चाल, सायकल नेऊ वेल्डिंगवर. कॅरिअर मारून आनू."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, बघ, शेवटी आपला माणूस आहे. मनातून त्यांना दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेतल्या. वेल्डिंगवाला त्यांचा जुना दोस्त, गावाच्या फाट्यावर त्याचं पत्र्याचं दुकान. सायकल तिथं टेकवली आणि मी शेजारच्या चक्कीवर दळण टाकायला गेले. परत आले तर दोघांचं ठरलेलं होतं. जाड सळईचं कॅरिअर, सीटखालून मागच्या चाकाकडं उतरणाऱ्या दोन बारक्या नळ्यांवर चार ठिकाणी टाके. वेल्डिंगवाला जरा अंग चोरून बोलत होता, पण त्याचं बोलणं नेहमीच तसं.

"पाइप लय पातय हाय, वहिनी," तो म्हणाला.

मीच म्हटलं, "मंग चांगलं भरून द्या भाऊ, अंडी राह्यते मागं. मजबूत पाह्यजे."

त्यानं पहिला टाका मारला आणि नळीला भोकच पडलं. मग त्यानं त्या भोकावर आणखी सळई वितळवली. निळ्या रंगाचे फोड आले, जळका वास सुटला. मी सायकल धरून उभी होते, तोंड दुसरीकडं फिरवून. ज्या हातांनी धरली ते माझेच हात होते. चौथा टाका झाल्यावर नवऱ्यानं कॅरिअर हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आता हत्ती बसवला तरी हालत नाई."

पुढचे तीन आठवडे फार चांगले गेले. इतके चांगले, की आता आठवले तरी मला माझीच कीव येते. मी सव्वानऊला निघायचे, पावणेदहाच्या आत वस्तीत. साडी जरा वर खोचायची, पिशवी मागं दोरीनं बांधायची. चाकावर पत्रा नसल्यामुळं काळ्या मातीचा चिखल सरळ पाठीवर उडायचा, मानेपर्यंत. मी एक जुनी ओढणी पाठीला बांधून जायला लागले. वस्तीची पोरं मला लांबून पाहून ओरडायची, "बाई सायकलवाली आली." एक म्हातारी रोज ओट्यावरून म्हणायची, "पोट्टी झाली वं तू तं." मी म्हणायचे, "व्हा तुमीबी." आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. फोटो दहाच्या आत पडायचा. सुपरवायझर मॅडम एकदा म्हणाल्या, "ताई, तुमचं पाहून मी दुसऱ्या सेविकांना सांगते." घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. त्यांनी फक्त कांदा मागितला.

चौथ्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये, नाल्याच्या पुलावरून उतरताना एक खड्डा लागला. मोठा नव्हता. मागून कट्ट असा आवाज आला, सीट माझ्याखालून मागं बसल्यासारखी झाली आणि मी उजव्या बाजूला मुरमावर. दोन्ही तळहात सोलून निघाले. गुडघ्यावरची साडी फाटली. तीस अंडी होती मागं. पिवळा बलक मुरमातून वाहत नाल्याच्या बाजूला चालला होता आणि त्यावर लगेच माश्या. मी तशीच बसून ते पाहत राहिले. मग सायकल पाहिली. दोन्ही नळ्या टाक्याच्या अगदी काठाशी तुटलेल्या, मागचं चाक तिरपं होऊन एकीकडं लोळलेलं. कॅरिअरला काही झालं नव्हतं. कॅरिअर अजूनही मजबूत होतं.

उरलेलं अंतर मी सायकल मागून उचलून, पुढच्या चाकावर ढकलत गेले. सव्वादहा झाले. हात रक्ताळलेले, फोटो उशिरा पडला. मी सुपरवायझर मॅडमना फोन केला आणि खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, अपघात म्हणून धरते. पण ताई, रोज कसं येणार ते मला सोमवारपर्यंत सांगा." शुक्रवार होता.

त्या दुपारी पोरं झोपल्यावर मी कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं. "प्रिय ग्राहक, तुमच्या वाईट अनुभवासाठी आम्ही क्षमस्व आहोत." मी म्हटलं, मी पडले आहे. "प्रिय ग्राहक, कृपया उत्पादनाचे छायाचित्र जोडा." जोडलं. "प्रिय ग्राहक, तुमचा संयम आम्हाला मूल्यवान आहे." थू! माणूस आहे की यंत्र, तेही कळत नव्हतं. माणूस असता तर किमान विचारलं असतं, लागलं का? तासाभरानं शेवटचं उत्तर. "छायाचित्रात वेल्डिंग दिसून येते. हे नुकसान वॉरंटीने झाकले जात नाही." आणि खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली?

यातलं सगळ्यात घाणेरडं काय, तर ते खोटं बोलत नव्हते. वेल्डिंग होतंच. त्यांनी पत्र्यासारख्या नळीची सायकल विकली, टोपली-कॅरिअरवाली दाखवून बिनटोपलीची पाठवली, आणि आता खरे मात्र तेच ठरत होते. मला भांडायलाही जागा ठेवली नव्हती.

शनिवारी मी सायकल जीपच्या टपावर टाकून शेलूबाजारला त्याच दुकानात नेली. खर्रेवाल्यानं लांबूनच ओळखलं. "ऑनलाइनचा माल? मी हात लावत नाई. जिथून घेतली तिथंच न्या."

"हात लावू नका. डोये तं लावा," मी म्हटलं. "नवी टाकता येईल का नळी, एवढंच सांगा."

तो आला. माझ्या तळहातावरच्या पट्ट्या पाहिल्या आणि जरा नरमला. नखानं नळी वाजवली. "वहिनी, सांगाडाच गेला. याले काई होत नाई आता. माल हलका हाय, एकट्या मानसानं सपाट रस्त्यावर चालवली तं दोन-तीन वर्सं निघते. पन याच्यावर वेल्डिंग कोन करते? पाइप जळून बिस्कुट झाला."

"मंग कॅरिअर कसं लावाचं होतं?"

त्यानं वर बोट दाखवलं. छताला दहा-बारा कॅरिअर टांगलेले. "नटबोल्टचं. इथं पट्टी कसाची, खाली चाकाच्या नटात अडकवाची. पंधरा मिनिटाचं काम. कोनत्याही सायकलीले बसते." स्टँड, पत्रे, घंटी, टोपली, सगळं तिथंच होतं. हे सगळं घेतलं असतं तर माझी स्वस्तातली सायकल त्याच्या सायकलीएवढीच पडली असती, हे गणित मी उभ्या उभ्या मनात केलं. त्याला बोलून दाखवलं नाही. त्याचं हसणं मी विसरले नव्हते. पहिल्या दिवशी हा माणूस नीट बोलला असता तर मी त्याच्याकडूनच घेतली असती ना!

मला संताप आला तो वेल्डिंगवाल्याचा. सायकलवाल्याला पंधरा मिनिटात जे कळतं ते रोज लोखंड जाळणाऱ्या माणसाला कळू नये? गावच्या फाट्यावर उतरले ती सरळ त्याच्या दुकानात. तुटका सांगाडा त्याच्यासमोर आपटला.

"काहो भाऊ, तुमाले नाई समजलं का पाइप जळन म्हून? हाड मोडलं असतं माहं!"

तो बसल्या जागेवरून उठला. सांगाड्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला. "वहिनी, मी तं भाऊले तवाच म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुमी चक्कीवर गेल्या होत्या तवा. म्हटलं, याच्यावर टाका नोको, तुटन. नटबोल्टचं आना, मी फुकट बसवून देतो. भाऊ म्हने, टाक तू टाका. पाहू कितीक दिवस चालवते. मले वाटलं, तुमच्या घरातलं हाय, मी कायले बोलू?"

तो पाणी आणायला आत गेला तेवढ्यात मी निघाले, सांगाडा तिथंच टाकून.

संध्याकाळी भाकरी केल्या. ताट वाढलं. नवरा जेवायला बसला, पहिला घास मोडला. मी समोर बसले.

"नटबोल्टचं कॅरिअर लावा, असं तुमच्या दोस्तानं म्हटलं होतं?"

हात थांबला त्यांचा. नाही म्हणाले असते तर कदाचित मी ऐकून घेतलं असतं, इतकी मी थकले होते. पण ते नाही म्हणाले नाहीत. "तुह्यासाठीच केलं," म्हणाले. "विहाराच्या पायरीवर बसलं की सारे इचारत, काय बावा, बायकोले सायकलीवर धाडून राह्यला? हासून राह्यले होते मले. मले वाटलं, पंधरा दिवसात मोडन अन् विषय संपन."

"मी पडली. मान मोडली असती तं?"

"मोडली तं नाई ना," ते म्हणाले, आणि वरणात भाकरी बुडवली.

सव्वीस वर्षं मी त्या माणसाचं ताट वाढलं आहे. त्याला ताप आला तेव्हा रात्र रात्र जागले आहे. पण त्या क्षणी त्याच्या बोटांना लागलेलं वरण पाहून मला अशी शिसारी आली की मी उठून मागच्या दारी गेले. कंपनीनं मला फसवलं ते पैशासाठी, आणि तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. याला ठाऊक होतं. त्या नाल्याच्या उतारावर रोज कोण जाणार आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सायकल मला जमली होती, ती मोडवली गेली, म्हणून राजीनाम्याचा शब्द मी सोडून दिला. रविवारी मी सुपरवायझर मॅडमना फोन करून सांगितलं की मी पायी येईन.

सोमवारी साडेआठला निघाले. हातांना पट्ट्या, पिशवी खांद्यावर. विहाराच्या पायरीवर नेहमीची माणसं बसलेली. मागून मोटरसायकलचा आवाज आला आणि माझ्या बरोबरीनं हळू चालू लागला.

"बस," नवरा म्हणाला. मी चालत राहिले.

"बस वं. रोज सोडतो, येळेवर सोडतो. झालं ते झालं." मी चालत राहिले. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "अवं बस ना. लोकं पाहून राह्यले."

म्हटलं, "पाहू द्या."

डांबर संपेपर्यंत ते तसेच बाजूनं आले, मग गाडी वळवली. मला सव्वा तास लागला. पावणेदहाला फोटो टाकला. अजून पायीच जाते.